मागावरून पडद्यावर

मंडळी, विषय ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. युनियनच्या माणसाने संगणकावरील चित्रकलेवर बोलावे, आणि तेही कशाचे चित्र आहे हे कळू नये अशा अमूर्त चित्रांवर, हे विपरीतच. पण या कलेचा इतिहास मला गिरणीच्या दारातून दिसतो, म्हणून धाडस करतो.

आरंभ फ्रान्समध्ये आहे. 1804 च्या सुमारास लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बसविली. भोक असेल तेथे धागा वर उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढावयाची, एकेक घर भरावयाचे, आणि त्याबरहुकूम पुठ्ठे पाडावयाचे. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी ही पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. संगणकाच्या पूर्वजांत एक माग आहे तो असा.

लियाँच्या विणकरांनी या मागाला विरोध केला होता. आपल्याकडेही 1960 नंतरच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध झुंज दिली. कलकत्त्याचे इलाको हाऊस त्या लढ्यामुळे गाजले. त्यांना अडाणी ठरविणाऱ्यांशी माझे जमत नाही. भांडण यंत्राशी नव्हते; यंत्राने वाचविलेले तास कोणाच्या पदरात पडणार, याविषयी होते. 1983 साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाचा करार केला, आणि संगणक हळूहळू टेबलावर आला. मीही तरुणपणी त्याला शिव्याच घालीत असे, हे कबूल करतो.

त्या झुंजीच्याच दिवसांत मुंबईत एक निराळा प्रयोग चालला होता. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. त्या पैशांतून त्यांनी कॅमेरा व इतर सामग्री जमविली, आणि 1969 मध्ये ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ नावाची कार्यशाळा उघडली. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांनी एकत्र यावे, तीच साधने वापरावीत. नलिनी मलानी तेव्हा अगदी तरुण. त्यांनी तेथे छायाचित्र आणि फिल्मचे प्रयोग केले. हत्यारे एकाच्या मालकीची असून दहांच्या हाती जातात, हे पाहिले की आमच्यासारख्याला बरे वाटते!

तेथेच पदमसींनी ‘सिझिजी’ हा सुमारे अकरा मिनिटांचा मूक बोलपट (शब्द चुकला, मूकपटच म्हणतो) केला. त्यात माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. बिंदू व रेषा यांनी कसे पुढे सरकावे याचे नियम त्यांनी आधी बांधले, त्यांवरून हजाराच्या घरात रेखाचित्रे काढली, आणि राम मोहन यांनी ती चालती केली. संगणक कोठेच नव्हता. पण आधी नियम, मग चित्र, ही रीत संगणकाचीच होय. दुसरा पट, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, पुढे हरवला. उतारवयात पदमसी संगणकावर चित्रे करू लागले आणि त्यांना ‘कॉम्प्युग्राफिक्स’ म्हणू लागले. 2020 साली ते वारले.

पण फेलोशिप मिळते किती जणांना? अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रिचर्ड शूप यांनी 1973 साली रंगाचा कार्यक्रम पडद्यावर आणला, तोही प्रयोगशाळेपुरताच. 1984 मध्ये बिल ॲटकिन्सन यांचा मॅकपेंट आला आणि 1985 पासून विंडोजबरोबर पेंट येऊ लागला. वेगळे पैसे न देता मिळणारा रंगाचा डबा! नेमक्या याच वर्षांत आमचे गिरणगाव उठत होते. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. पुढे त्यांतली किती बिऱ्हाडे नालासोपारा-विरारकडे आली, हे या सभागृहात सांगावयास नको.

त्यांतलेच एक, साचेखात्यात टॉवेल विणलेले, संध्याकाळी आमच्या युनियनच्या खोलीवर बसत. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. 2003 मध्ये खोलीत जुना संगणक आला. हँडबिलासाठी मी पेंटमध्ये मशाल काढली ती मुळ्यासारखी दिसू लागली. दुरुस्तीसाठी चित्र मोठे केले, तर तिरक्या रेषेच्या पायऱ्या झाल्या आणि सारा पडदा चौकोनांनी भरला. मामा पुढे सरकले. “अरे, हा तर आपला नक्षीचा कागद!”

त्या दिवसापासून मशाल बाजूला राहिली. मामा पट्टे काढीत, तुकडा उचलून उलटा ठेवीत, शेजारी पुन्हा डकवीत. रंग ओतण्याची बादली त्यांना फार आवडे. पण रेषेत एका चौकोनाएवढी जरी फट राहिली तरी रंग तीतून निसटून साऱ्या चित्रावर पसरे, आणि त्या पेंटमध्ये मागे फिरता येई ते तीनच पावले. प्रथम ते चिडले. मग मुद्दाम फटी ठेवू लागले, रंग कोठवर जातो ते पाहू लागले. गिरणीत तुटलेल्या धाग्याबद्दल दंड भरलेला माणूस तो. येथे चूक ठेवून घ्यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. कशाचे चित्र, असे विचारले तर म्हणत, “टॉवेल कशाचा असतो?”

एकदा एक काळेपांढरे चित्र पुरे करून त्यांनी मला आडव्या ओळी विचारल्या. मी पाहून सांगितल्या, चारशे ऐंशी.

“म्हणजे पुठ्ठे चारशे ऐंशी,” मामा म्हणाले, आणि त्यांनी हँडबिलाच्या पाठीवर तो आकडा लिहून कागद खिशात ठेवला.