खाली कुठे, हे रोपाला कसे कळते?

ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी ओहोटीच्या वेळी तिवराच्या झाडांभोवतालचा चिखल पाहावा. पेन्सिलीसारखी असंख्य टोके चिखलातून वर आलेली दिसतात. ही तिवराची मुळे. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून चिखलात आडव्या पसरलेल्या मुळांना उभी श्वसनमुळे फुटतात आणि ती हवेत येतात. त्याच आडव्या मुळांपासून आधार देणारी मुळे मात्र खाली जातात. 'मूळ जमिनीकडे, खोड आकाशाकडे' असे आपण वर्गात शिकवतो. मग तिवर हा नियम मोडतो काय? उत्तरासाठी दोनशे वर्षे मागे जाऊ.

खोड वर आणि मूळ खाली जाण्यामागे गुरुत्वाकर्षणच आहे, हे सिद्ध कसे करायचे? गुरुत्वाकर्षण तर बंद करता येत नाही. इंग्लंडमधील थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०६ मध्ये युक्ती केली. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या उभ्या चाकाला त्यांनी अंकुरणाऱ्या बिया बांधल्या. चाक फिरत राहिल्याने प्रत्येक बीची 'खालची' बाजू सतत बदलत राहिली. कायम राहिला तो बाहेरच्या दिशेचा ओढा. सर्व मुळे बाहेर वाढली, सर्व कोंब चाकाच्या मध्याकडे! चाक आडवे फिरवले तेव्हा दोन्ही ओढ्यांचा मेळ होऊन मुळे तिरपी खाली व बाहेर गेली, तर कोंब तिरपे वर व आत.

हा ओढा रोपाच्या कोणत्या भागाला जाणवतो? चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवले, की मुळाचे टोक कापले तर मूळ वाढत राहते, पण वळत नाही. म्हणजे जाणीव टोकाला होते आणि वळण मागच्या भागात येते. यूलियस झाक्स यांच्यासारख्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाला हे पटले नाही. पण पुढील प्रयोगांनी डार्विन पितापुत्रांची बाजू खरी ठरवली.

१९०० मध्ये हाबरलांट आणि नेमेत्स या दोघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. रोप आडवे केले, की हे कण घरंगळून पेशीच्या नव्या तळाशी बसतात. मुळात अशा पेशी मूलटोपीत असतात, कोंबात अंतस्त्वचेत. पुढे १९२० च्या दशकात खोलोद्नी आणि वेंट यांनी वळणाचे कारण सुचवले. आडव्या कोंबात ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमते, तेथील पेशी अधिक लांबतात आणि कोंब वर वळतो. मुळात तेच जादा ऑक्झिन वाढ रोखते, म्हणून मूळ खाली वळते. निरोप एकच, परिणाम उलट!

तरी शंका उरली होती. १९८९ मध्ये स्टार्च तयार न करणारी अरॅबिडॉप्सिसची रोपेही वळतात, असे दिसले. मात्र ती सावकाश वळत होती. स्टार्च नसले तरी त्याचे रिकामे कोश पेशीत असतातच. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी कोंबात नीट अंतस्त्वचा नसलेली रोपे तपासली. त्यांचे कोंब प्रकाशाकडे वळत, गुरुत्वाला मात्र दाद देत नसत. हाबरलांट यांनी दाखवलेली जागा बरोबर होती.

पण कण तळाशी बसल्याचे पेशीला कळते कसे? १९८९ नंतर हा दुवा जुळायला चौतीस वर्षे लागली. २०२३ मध्ये चीन व जपानमधील गटांनी दाखवले, की 'लेझी' नावाची प्रथिने या कणांच्या पृष्ठभागावर असतात. कण जिथे बसतात तिथल्या पेशीपटलावर ही प्रथिने जातात आणि ऑक्झिनचा प्रवाह त्या बाजूला वळवतात.

आता तिवराकडे परत येऊ. गुरुत्वाकर्षण फक्त 'खाली' कोणते ते सांगते. त्या माहितीचे काय करायचे, हे तो तो अवयव ठरवतो. खाली जाणे, आडवे राहणे वा वर येणे हे तिन्ही गुरुत्वानुवर्तनच आहे. तिवर नियम मोडत नाही, आपले वाक्यच अपुरे आहे. आणि खाडीकाठी भराव पडून ही टोके गाडली गेली, तर झाड गुदमरून मरते, हेही मुलांना सांगायला हवे.

वर्गात मोड आलेले मूग ओल्या टीपकागदावर काचेला लावून अंधारात उभे ठेवावेत, दुसऱ्या दिवशी काच पाव फेरा फिरवावी. मूळ आणि कोंब कुठून वळले, हे मुलांनाच शोधू द्यावे.