पाण्यावर चालणारी मोटार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस आपली मोटार मोठ्या कौतुकानें दाखविली. इंजिनाशेजारीं एक बरणी बसविलेली होती. तींत क्षार घातलेलें पाणी व धातूचे पत्रे. या बरणींतील वायूमुळें पेट्रोल निम्मेंच लागतें असें सांगून विकणारानें त्याच्याकडून 12,000 रुपये घेतले होते. तीन महिने लोटले तरी खर्च तिळमात्र उतरला नव्हता. "सर, पाण्यांतून हायड्रोजन निघतो व तो जळतो हें आपणच वर्गांत दाखविलेंत, मग चुकलें कोठें?" असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्ही किंचित् वरमलों. प्रयोग आम्हीं दाखविला होता खरा; बॅटरीची किंमत मात्र सांगितली नव्हती.

ही भूल नवी नाहीं. 1766 मध्यें कॅव्हेंडिशनें या ज्वलनशील वायूचें वर्णन केलें. 1783 मध्यें लाव्हाझिएनें पाणी हें मूलतत्त्व नसून संयुग आहे असें प्रतिपादन केलें, आणि पुढें या वायूस 'जलजनक' अशा अर्थाचें नांव मिळालें. 1800 मध्यें निकल्सन व कार्लाइल यांनीं व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटानें पाण्याचें पृथक्करण करून दाखविलें. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनीं स्वित्झर्लंडच्या द रिवाझ यानें हायड्रोजनच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें. विजेच्या ठिणगीनें वायूचा स्फोट व्हावा, दट्ट्या वर उडावा, आणि तो खालीं येतांना चाकें फिरावीं, अशी ती योजना. गाडी थोडें अंतर चालली, हें त्या काळीं थोडें नव्हे! पण ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं, वायु गाडींत तयार होत नव्हता. तो भरून न्यावा लागे.

1874-75 च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या कादंबरींतील एंजिनिअर, पाणी हाच उद्यांचा कोळसा, असें भाकीत करतो. पाणी विजेनें फोडतां येईल असेंही तो म्हणतो. ती वीज कोठून आणावयाची, हें मात्र कादंबरीकाराच्या मर्जीवर राहिलें.

खरी मेख तेथेंच आहे. हायड्रोजन जळून पाणी होतें, म्हणजे पाणी हें जळण नसून जळून उरलेली राख आहे. एक किलो हायड्रोजनास सुमारें नऊ लिटर पाणी पुरतें, पण वीज प्रत्यक्षांत 50 ते 55 युनिट लागते. तोच वायु इंजिनांत जाळला तर सुमारें 33 युनिटांची उष्णता मिळते, व तिचाही चौथा-तिसरा हिस्साच चाकांपर्यंत पोंचतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मोटारींत तर बरणीची वीज जनित्र देतें, जनित्र इंजिन फिरवितें, आणि इंजिन पेट्रोलवर चालतें! प्रत्येक टप्प्यावर कांहीं ना कांहीं गळतेंच.

या गळतीवर पडदा टाकून पुष्कळांनीं पैसा केला आहे. अमेरिकेंतील स्टॅन्ली मायर याची 'पाण्याची मोटार' गाजली. 1996 मध्यें ओहायोच्या न्यायालयानें ती धडधडीत फसवणूक ठरवून दोघां गुंतवणूकदारांचे 25,000 डॉलर परत करविले. त्याच वर्षीं तामिळनाडूंत रामर पिल्लै यानें पाण्यांत वनस्पति उकळून पेट्रोल होतें असा दावा केला. हायड्रोजनचा येथें संबंध नव्हता, पण पाण्यावरील भाबडी श्रद्धा तीच. 2016 मध्यें चेन्नईच्या न्यायालयानें त्यास शिक्षा सुनावली.

यावरून हायड्रोजनची मोटारच खोटी असें कोणी समजूं नये. 1966 मध्यें जनरल मोटर्सनें इंधनघटावर चालणारी व्हॅन केली; तिच्या टाक्यांनीं इतकी जागा खाल्ली कीं बसावयास जेमतेम दोघांपुरती उरली. 2014 मध्यें जपानांत टोयोटाची 'मिराई' विक्रीस आली. सुमारें पांच किलो हायड्रोजन वातावरणाच्या 700 पट दाबाखालीं ती वाहते. गाडी उत्तम चालते. परंतु तीच वीज सरळ बॅटरींत भरली तर दुपटीहून अधिक शक्ति चाकांस मिळते, आणि जगांतील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायु व कोळसा यांपासूनच निघतो. खतांच्या व पोलादाच्या कारखान्यांस स्वच्छ हायड्रोजन हवाच आहे; घरच्या मोटारीसाठीं तो खर्चीं घालणें आम्हांस तरी उधळपट्टी वाटते.

हें सारें आम्हीं कागदावर आंकडे मांडून विद्यार्थ्यास दाखविलें. त्यानें मुकाट्यानें पाना आणविला व बरणी काढली. विकणाराचा फोन आतां लागत नाहीं.