बसलेली सिस्टिम आणि लागलेली सिस्टिम

कुणकेश्वरला महाशिवरात्रीची जत्रा भरली, की देवळाकडून पुळणीच्या दिशेने ओळीने कर्णे बांधलेले असतात. चुकलेल्या मुलाचे नाव पुकारले जाते आणि गर्दीतल्या माणसाला ते दोनदा ऐकू येते. आधी डोक्यावरच्या कर्ण्यातून, मग लांबच्या कर्ण्यातून. दुसरा शब्द पहिल्याच्या अंगावर येऊन पडतो आणि मुलगा कोणाचा, वाडी कुठली, काही उमगत नाही. मग कोणीतरी ओरडते, आवाज वाढवा! आवाज वाढतो, शब्द मात्र तसाच फुटलेला राहतो. दोन कर्ण्यांत ५० मीटर अंतर असेल, तर लांबच्या कर्ण्याचा आवाज सुमारे १४३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा दोष वेळेचा आहे, तो जोर वाढवून जात नाही.

जत्रेतली ही गोष्ट समजावून सांगितली की सगळ्यांना पटते. तीच गाडीतल्या स्पीकरबद्दल सांगितली की कोणाला पटत नाही. देवगडच्या माझ्या एका मित्राने नवीन गाडीत चार दारांचे स्पीकर, दोन ट्वीटर, डिकीत सबवूफर आणि मोठा अँप्लिफायर बसवून घेतला. हेड युनिटच्या मेनूत प्रत्येक स्पीकरचा उशीर ठरवण्याची सोय होती आणि सगळे आकडे शून्यावर होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "अरे, दोन हातांच्या गाडयेत आवाजाक उशीर कसलो? तो काय एसटीन येता?" हे मत त्याच्या एकट्याचे नाही. गाड्यांत सिस्टिम बसवणारे बहुतेक कारागीर आणि त्या बसवून घेणारे बहुतेक मालक हेच मानतात. म्हणून या मताचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पहिला मुद्दा असा, की आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धावतो, त्यामुळे गाडीतल्या हातभर अंतराचा फरक कानाला कळणेच शक्य नाही. दुसरा मुद्दा, की जो काही फरक पडत असेल तो बॅलन्स आणि इक्वलायझरने निघतो आणि त्याउपर उरले तर जास्त वॅट घ्यावेत. तिसरा मुद्दा जाणकारांचा आहे. गाडीला चारी बाजूंनी काचा, त्यांवरून आवाज सतत परतत असतो. अशा डब्यात मिलिसेकंद मोजत बसण्याला अर्थ काय? आणि मोजलेच तर ते एकाच सीटपुरते खरे.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर कान स्वतःच देतो. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपण ओळखतो ते मुख्यतः दोन कानांवर तो पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली ही गोष्ट मांडली: खालच्या सुरांची दिशा वेळेच्या फरकाने कळते, वरच्या सुरांची जोराच्या फरकाने. आवाज अगदी एका बाजूने आला तरी दोन कानांतला फरक सुमारे ०.६५ मिलिसेकंदाच्या पुढे जात नाही, कारण डोक्याची रुंदीच तेवढी. या एवढ्याशा पल्ल्यात कान समोरचे संपूर्ण अर्धवर्तुळ मोजतो. तयार कानाला १० ते २० मायक्रोसेकंदांचा फरकही कळतो, म्हणजे मिलिसेकंदाचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी.

आता गाडीत टेप धरू. माझ्या गाडीत, डोके जिथे टेकते तिथून मी मापे घेतली. उजवा ट्वीटर ८० सेंटिमीटर, उजव्या दाराचा स्पीकर ९५, डावा ट्वीटर १३५, डाव्या दाराचा स्पीकर १४५, डिकीतला सबवूफर १९०. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवी बाजू कायम जवळ. कोकणातल्या ३० अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदात जवळजवळ ३५ सेंटिमीटर. दोन दारांतला फरक ५० सेंटिमीटर, म्हणजे १.४३ मिलिसेकंद. कानाच्या संपूर्ण पल्ल्याच्या दुपटीहून जास्त! "हातभर" वाटणारे हे अंतर कानाच्या हिशेबात फार मोठे आहे. म्हणूनच गायक समोर बसल्यासारखा न वाटता उजव्या गुडघ्यापाशी गातोसा वाटतो.

यात ध्वनिमुद्रणावरही अन्याय होतो. अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओचे पेटंट मागितले. तेव्हापासून दोन स्पीकरांच्या स्टिरिओची सगळी किमया एका गृहीतावर उभी आहे: ऐकणारा दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसला आहे. घरात खुर्ची सरकवून ही अट पाळता येते. गाडीत पुढच्या दोन्हींपैकी एकही सीट ती अट पाळत नाही. जे अंतराने साधत नाही ते वेळेने साधायचे, हीच वेळजुळणी.

दुसरा मुद्दा इक्वलायझरचा. एकच सूर दोन्ही दारांतून निघाला आणि एक वाट ५० सेंटिमीटर लांब असली, तर ज्या सुराच्या लाटेची अर्धी लांबी ५० सेंटिमीटर आहे तो चालकाच्या कानापाशी स्वतःलाच खोडतो. एक लाट चढत असताना दुसरी उतरत असते. हिशेब केला तर तो सूर ३४९ हर्ट्झचा निघतो. हार्मोनियम वाजवणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण मधल्या सप्तकातली पांढरी चार जवळजवळ याच कंपनसंख्येला बोलते. जवळचा स्पीकर जास्त जोरात पोचत असल्यामुळे सूर पुरता नाहीसा होत नाही, पण दबतो. त्यापुढे १०४७ हर्ट्झपाशी पुन्हा दबतो, १७४५ पाशी पुन्हा. भजनात पेटीची एक पट्टी मध्येच खोल गेल्यासारखी वाटते, ती अशी.

कारागीर तिथे इक्वलायझर चढवतो. पण चढवले की दोन्ही स्पीकर सारखेच चढतात आणि त्यांचे एकमेकांना खोडणे तसेच चालू राहते. दहा डेसिबलचा खड्डा भरायचा तर त्या सुराला दसपट पॉवर लागते, आणि तोच सूर शेजारच्या सीटवर किंचाळतो. अँप्लिफायर दुप्पट वॅटचा घेतला तरी मिळतात तीनच डेसिबल. बॅलन्स डावीकडे फिरवला तर गायक थोडा सरकतो हे खरे, पण सगळे सूर सारखे सरकत नाहीत. तो एका जागी बसत नाही, पसरतो. वेळेत झालेली चूक वेळेतच दुरुस्त करावी लागते.

तिसरा मुद्दा काचांचा. त्याचे उत्तर १९४९ सालीच मिळाले. हेल्मुट हास यांनी ग्योटिंगनच्या प्रबंधात दाखवले, की तोच आवाज ५ ते ३० मिलिसेकंदांनी मागून आला, तर तो १० डेसिबलपर्यंत अधिक जोरात असला तरी आपल्याला वेगळा ऐकू येत नाही. दिशा ठरवतो तो आधी पोचलेला आवाज. याचा अर्थ पूर्वपक्षाच्या नेमका उलट आहे. काचेवरून येणारे पडसाद मागून येतात, कान त्यांना पहिल्या आवाजात सामावून घेतो. कानाने पहिल्या आवाजाला एवढा मान दिला असेल, तर पहिला आवाज कुठून आणि केव्हा येतो हे नीट लावणे हेच सर्वांत मोलाचे काम ठरते.

इथे कोणी विचारील, की देवळातल्या मंडपात भजन ऐकताना कोण मिलिसेकंद मोजतो? प्रश्न रास्त आहे. मंडपातला पखवाज एका जागी असतो. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमार आणि शाईच्या उजव्या पुडीचा टणत्कार एकाच लाकडी खोडातून एकाच क्षणी निघतात. गाडीत त्याच थापेचे तीन तुकडे होतात: घुमार डिकीतून, थापेचे अंग दारातून, बोटाचा स्पर्श ट्वीटरमधून. माझ्या गाडीत न जुळवता बोटाचा स्पर्श घुमाराच्या ३.१५ मिलिसेकंद आधी पोचत होता. थाप ऐकू येत होती, पण तिला पखवाजाचे शरीर नव्हते. एका वाद्याचे तुकडे यंत्राने केले, तर ते पुन्हा एकत्र आणण्याची जबाबदारीही यंत्राचीच.

आता मंडन. सर्वांत लांबच्या स्पीकरला शून्य द्यायचे आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबवायचे. माझ्या मापांवरून डाव्या दाराला १.२९ मिलिसेकंद, डाव्या ट्वीटरला १.५८, उजव्या दाराला २.७२, उजव्या ट्वीटरला ३.१५. त्याआधी प्रत्येक स्पीकरचे प्लस-मायनस तपासायचे, कारण एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर पुढचा सगळा हिशेब वाया. मात्र टेपवर थांबू नये. सबवूफरचे फिल्टर, पडद्याची स्वतःची चाल, डिकीची पोकळी यांचा उशीर टेपला दिसत नाही. त्यासाठी जुनी युक्ती आहे. सबवूफर आणि दार जिथे एकमेकांना भेटतात तो सूर, समजा ८० हर्ट्झ, सतत वाजवायचा. सबवूफरचे प्लस-मायनस मुद्दाम उलटे करायचे आणि उशीर बदलत न्यायचा. सूर सर्वांत क्षीण होईल तिथे थांबून प्लस-मायनस पुन्हा सरळ करायचे. जिथे दोघे एकमेकांना सर्वांत जास्त खोडत होते, तिथेच आता सर्वांत जास्त साथ देतात.

वरच्या सुरांत नजर आणखी बारीक हवी. ट्वीटर आणि दार ३००० हर्ट्झला भेटत असतील, तर तिथल्या लाटेची लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. सहा सेंटिमीटर चुकले की एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो. पहाटे कुणकेश्वरच्या देवळापासून दूर गाडी उभी करून, काचा बंद करून मी हे काम केले. लाटांचा आवाज खालच्या सुरांत मिसळतो, म्हणून ओहोटी गाठली. पंडित भीमसेन जोशींचा एक अभंग लावला आणि डाव्या बाजूचा उशीर दशांश-दशांशाने बदलत गेलो. एका आकड्यावर गळा उजव्या दारातून उठला आणि डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या पलीकडे जाऊन बसला. टाळ डावीकडे उघडले. व्हॉल्यूमला मी हात लावलेला नव्हता.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मी मान्य करतो. ही जुळणी एका सीटपुरती असते. चालकासाठी लावलेली सिस्टिम शेजारच्याला उलट बाजूने बिघडलेली वाटेल. म्हणून बहुतेक यंत्रांत दोन-तीन मेमरी असतात. एक चालकाची, एक पुढच्या दोघांसाठी तडजोडीची ठेवावी. कुटुंब बरोबर असताना तडजोडीची, एकट्याच्या प्रवासात स्वतःची. पण तडजोड करावी लागते म्हणून सगळेच शून्यावर सोडणे हा न्याय नव्हे.

मराठीत तंबोरा बसवत नाहीत, लावतात, आणि लागला की म्हणतात, तंबोरा लागला. मैफलीत गायकाआधी तारा जुळवायला वेळ दिला जातो आणि तो वेळ कोणी वाया गेला असे मानत नाही. गाडीत मात्र आपण हजारो रुपये देऊन सिस्टिम बसवतो आणि फुकट मिळालेले ते चार आकडे शून्यावर ठेवतो. माझा निर्णय स्पष्ट आहे. वॅट नंतर, इक्वलायझर त्याही नंतर, आधी वेळ. गाडी ताब्यात घेताना कारागिराला एवढेच विचारा: टेप कोणत्या सीटवरून धरलीत? उत्तर आले नाही, तर सिस्टिम बसली आहे, अजून लागलेली नाही.