मुंबईहून गेलेलं पोलाद

1794 मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध लिहिला आणि हे पोलाद मुंबईतच बनतं असं शीर्षकात ठोकून दिलं. प्रत्यक्षात त्याच्या मुशी तापत होत्या दक्षिण भारतात.

1819 मध्ये मायकेल फॅराडेने, तो स्वतः लोहाराचाच मुलगा, वुट्झचं पृथक्करण केलं. त्याला ॲल्युमिना आणि सिलिका सापडले, आणि या पोलादाचं इंगित त्यातच असावं असं त्याला वाटलं. अंदाज चुकला. पण त्याला दोष कसा द्यावा? हवा तो धातू तेव्हा कुणाच्या यादीतच नव्हता!

तो पुढे आला 1830 मध्ये, स्वीडनमध्ये. लोखंड आम्लात विरघळवून खाली काळी भुकटी उरली, की ते ठिसूळ समजावं, अशी तिथे परीक्षा होती. टाबेर्गच्या खाणीतलं लोखंड चांगलं मऊ, तरी भुकटी उरलीच. नील्स सेफस्ट्रॉमने ती चिकाटीने तपासली आणि हाती लागलं व्हॅनेडियम.

1998 मध्ये धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि पाती घडवणारा आल्फ्रेड पेंड्रे यांनी बर्नच्या संग्रहालयातल्या, वुट्झपासूनच घडवलेल्या जुन्या दमास्कस पात्यांची तपासणी मांडली. पात्यावरची लाटांसारखी नक्षी म्हणजे कार्बाइडच्या कणांच्या ओळी. त्या जुळवून आणणारं व्हॅनेडियम शेकडा 0.02 हूनही कमी होतं.