वेस्लेचे चार चमचे

ख्रिस्ती धर्म पैशाला सरसकट पाप मानतो, अशी समजूत आमच्या सुशिक्षितांतही आढळते. ख्रिस्तानें धनिकांना दिलेला इशारा तिच्या मुळाशीं आहे, हें उघड आहे. परंतु अठराव्या शतकांतील इंग्लंडांत ज्या धर्मोपदेशकानें या प्रश्नाचा कसून विचार केला, त्या जॉन वेस्लेचें मत निराळें होतें. पैसा मूळचा वाईट नाहीं. सज्जनाच्या हातीं तो भुकेल्याचें अन्न व उघड्याचें वस्त्र होतो, असें तो म्हणे. १७६० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रवचनांत त्यानें तीन नियम घालून दिले. होईल तितकें मिळवावें, होईल तितकें वांचवावें आणि होईल तितकें द्यावें. मिळकतीलाही मर्यादा होतीच. स्वतःचें आरोग्य किंवा शेजाऱ्याचें हित बिघडवून मिळविलेला पैसा त्याला वर्ज्य असे.

ऑक्सफर्ड येथील आपल्या मंडळींतल्या एका तरुणाचा हिशेब त्यानें दिला आहे. तो तरुण वेस्लेच, असें सामान्यतः मानतात. पहिल्या वर्षीं प्राप्ति ३० पौंड. पैकीं २८ पौंडांत निर्वाह, बाकी दान. पुढील वर्षीं प्राप्ति ६० झाली. खर्च २८, दान ३२. पुढें ती ९० व १२० वर गेली, तरी खर्चाचा आंकडा हालला नाहीं. १७७६ सालीं चांदीच्या भांड्यांवरील करासंबंधीं सरकारनें विचारणा केली, तेव्हां लंडनांत दोन व ब्रिस्टॉलांत दोन चमचे आपल्यापाशीं आहेत, आणि भोंवतालचे लोक भाकरीला मोताद असतां अधिक घेणार नाहीं, असें त्यानें कळविलें.

परंतु त्याची खरी थोरवी, आमच्या मतें, १७८६ सालच्या एका लेखांत दिसते. धर्मनिष्ठेनें मनुष्य उद्योगी व काटकसरी होतो, त्या गुणांनीं संपत्ति वाढते, आणि संपत्तीबरोबर गर्व वाढून निष्ठा ओसरते. म्हणजे धर्म आपल्याच फळानें मरावयाचा! यावर उपाय एकच, तो म्हणजे तिसरा नियम. परंतु १७८९ सालीं त्याला कबूल करावें लागलें कीं, पहिला नियम पाळणारे पुष्कळ, दुसरा पाळणारे थोडे आणि तिसरा पाळणारे अगदींच विरळा.

पहिले दोन नियम कोणीही हिशेबी व्यापारी सांगेल. त्यांना ख्रिस्ती अर्थ येतो तो तिसऱ्यामुळें. आम्हां पगारदारांचा अनुभव असा कीं, पगार वाढण्यापूर्वींच गरजा वाढून बसतात. म्हणूनच तो २८ पौंडांचा आंकडा आम्हांला आजही लाजवितो.