विरळ हवा, लाल रक्त

मागच्या विकांताला गोरेगावला गेलो होतो. मुंबईचं नव्हे हो, आमचं गोंदियाचं! पोलीस भरतीसाठी पळणारा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ऑक्सिजन कमी करणारा मास्क मागवू का? पहाडावर पळल्यासारखं होते म्हणते."

उत्तर शोधता शोधता मी थेट १८९० ला पोचलो. व्हियो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने तेव्हा पेरूच्या डोंगरात, सुमारे ४५०० मीटरवर, रक्त तपासलं होतं. तीन आठवड्यांत तांबड्या पेशी घन मिलिमीटरला ५० लाखांवरून ७० लाखांवर! (थोडा हात रक्तातलं पाणी कमी झाल्याचाही.) कारण नंतर कळलं. ऑक्सिजन घटला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन सोडतात आणि हाडांतला मगज पेशींचं उत्पादन वाढवतो.

खेळाडूंना जाग आली १९६८ साली. मेक्सिको ऑलिंपिक २२४० मीटरवर झालं. १०,००० मीटरमध्ये विश्वविक्रमवीर रॉन क्लार्क शेवटी कोसळला. लांब पल्ल्याची बरीच पदकं उंचावरच्या केनिया-इथिओपियाने नेली. मग सगळेच डोंगराकडे धावले. पण तिथे दम लागतो, सराव मंदावतो. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गुंडरसन यांनी तोड दाखवली: राहायचं २५०० मीटरवर, जोराचा सराव १२५० वर. चार आठवड्यांत ५००० मीटरची वेळ सुमारे १३ सेकंदांनी सुधारली.

आपल्या बीडचा अविनाश साबळे घ्या. फौजेत असताना सियाचीनला होता, पण रक्तातली ती वाढ खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरते. २०२२ साली तो कोलोरॅडो स्प्रिंग्जला, १८०० मीटरवर, सराव करून आला आणि बर्मिंगहॅमला स्टीपलचेसमध्ये रौप्य घेतलं. सोनं हुकलं फक्त ०.०५ सेकंदाने!

आता मास्क. त्याने हवेतला ऑक्सिजन कमी होत नाही, नुसता श्वास जड होतो. शिवाय रक्त वाढायला दिवसाचे कित्येक तास, आठवडेच्या आठवडे विरळ हवा लागते. अर्ध्या तासाचं काम नाही ते. आणि पेशी बनवायला लोह हवं. तेच नसेल तर पहाडही काय करणार?

म्हणून भावाला म्हटलं, आधी रक्त तपास. आपल्याकडे सिकलसेलही आहे, तीही तपासणी कर. सिकलसेल निघाला नाही, पण हिमोग्लोबिन १०.९! गडी तीन महिने याच रक्तावर १६०० मीटर पळत होता आणि वेळ सुधारत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या देत होता.

असो. मास्क रद्द, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. भरतीला अजून वेळ आहे.