खालच्या आळीतला जाझ

रत्नागिरीकराला जाझ आवडतो असं कुणी म्हटलं, तर पहिला रत्नागिरीकरच भांडायला उठेल. आमच्याकडे गाणं म्हणजे नाट्यसंगीत. सावरकरांनी इथल्या स्थानबद्धतेत ‘संन्यस्त खड्ग’ लिहिलं, १९३१ साली दीनानाथ मंगेशकरांनी ते रंगभूमीवर आणलं; तेव्हापासून दीनानाथांवर तर गावाचा हक्कच लागला.

पुढे बरोबर वीस वर्षांनी ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’ गायलं दीनानाथांच्याच लेकीने. जोडीला खुद्द संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर. आमच्या एका काकूंच्या मते जाझ म्हणजे हॉटेलातला धिंगाणा. पण हे गाणं त्या वाटण वाटताना म्हणत, आणि वरवंटाही ठेक्यात सरके. “काकू, हाच तो जाझ!” असं कुणी म्हटलं की, “चल, लताचं गाणं आहे ते!” हा निकाल. त्यावर अपील नाही.

लताबाईंनी जाझची वेगळी लाँगप्ले काढली नाही. पण चितळकरांकडची ही तीन-तीन मिनिटांची गाणी ओळीने लावा. झालीच की तयार! जाणकार म्हणतील, हा शुद्ध जाझ नव्हे, यात दक्षिण अमेरिकेचे ठेके मिसळलेत. असतील. मिसळीचं आम्हाला कधी वावडं होतं? १९५७ साली धाकट्या आशाबाईंनी ‘ईना मीना डीका’ गायलं, तेव्हा तर अर्थ विचारायचंही कारण उरलं नाही. तराण्याला कोण अर्थ विचारतो?

ही मिसळ आली आमच्याच दारावरून. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली पोरं ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन घेऊन मुंबई गाठत. कित्येक जण आगबोटीने. बोट रत्नागिरीला थांबे. आम्ही पडावातून आंब्याच्या पेट्या चढवत होतो आणि वर डेकवर जाझ बसला होता!

त्यांतलेच हळदोण्याचे अन्तोनियु झेवियर वाझ. ताज हॉटेलात ट्रंपेट वाजवणारे ‘चिक चॉकलेट’ ते हेच. चितळकरांच्या चाली वाद्यवृंदावर चढवण्यात त्यांचा मोठा हात. ‘अलबेला’त तर आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. तबकडीवर मात्र गायकांची नावं, संगीतकाराचं नाव, सिनेमाचं नाव. वाझांचं नाही. १९६७ साली ते वारले. काकू ट्रंपेटचे तुकडे तोंडाने ‘पँ पँ’ करीत पुढेही कितीतरी वर्षं म्हणत होत्या, अगदी जागच्या जागी. एक पँ चुकत नसे.